फेशियल कोणते, हे त्वचा पाहून ठरवावे : वाचकांचे प्रश्न आणि त्वचाविकारतज्ज्ञांची उत्तरे

सणासुदीचे आणि लग्नसराईचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत फेशियल, क्लीनअप आणि पील (आम्लाच्या लेपाने त्वचेचा वरचा थर सोलून काढणे) यांविषयीचे प्रश्न वाढतात. ‘सगळ्यांत चांगले फेशियल कोणते?’ असा त्यांतील बहुतेकांचा सूर असतो. त्वचा पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही आणि ती पाहावी कशी, हे फारसे कोणी सांगितलेले नसते. म्हणून या वेळी तपासणीशी निगडित पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर जाणीवपूर्वक सविस्तर दिले आहे, कारण ते लिहिणाऱ्या भगिनीच्या हाताखालून दर महिन्याला अनेक चेहरे जातात.

प्रश्न : बार्शीत माझे छोटे ब्यूटी पार्लर आहे. आयटीआयमधून मी कॉस्मेटॉलॉजीचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. ग्राहक आल्या की थेट ‘गोल्ड फेशियल करा’ किंवा ‘फ्रूट फेशियल करा’ असे सांगतात. त्वचेचे प्रकार आम्हाला शिकवले होते, पण प्रत्यक्षात एकाच चेहऱ्यावर दोन-तीन प्रकार दिसतात आणि गोंधळ होतो. थोड्या वेळात नीट तपासणी कशी करावी? आणि ‘तुम्ही आज फेशियल करू नका’ असे कोणाला सांगावे?

उत्तर : गोंधळ होतो, कारण शिकवताना दोन निराळ्या गोष्टी एकाच यादीत घातल्या जातात. त्वचेचा प्रकार म्हणजे तैलग्रंथी किती तेल तयार करतात यावरून ठरणारी तिची मूळ प्रवृत्ती. ती बरीचशी आनुवंशिक असते, संप्रेरकांवर अवलंबून असते आणि वयानुसार सावकाश बदलते. विशीत तेलकट असलेला चेहरा पाळी गेल्यानंतर कोरडा झालेला आपण नेहमी पाहतो. त्वचेची अवस्था म्हणजे आज, या ऋतूत आणि सध्या वापरात असलेल्या क्रीम-औषधांमुळे तिचे जे झाले आहे ते : पाण्याची कमतरता, मुरूम, वांग, उन्हाने रापणे, ॲलर्जी किंवा बुरशीचा संसर्ग. जमिनीचा पोत वेगळा आणि त्या हंगामातील तिची ओल वेगळी, हे बार्शीच्या माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. क्लेन्झर कोणता आणि मसाजला क्रीम घ्यावे की जेल, हे प्रकारावरून ठरते. परंतु वाफ द्यावी का, स्क्रब वापरावा का, मुळात आज फेशियल करावे का, हे अवस्थेवरून ठरते. पार्लरमध्ये होणारे बहुतेक नुकसान प्रकार चुकल्यामुळे होत नाही. अवस्था पाहिलीच न गेल्यामुळे होते.

तपासणीची सुरुवात चेहऱ्याला हात लावण्यापूर्वी प्रश्नांनी करावी आणि उत्तरे प्रत्येकीच्या नावाच्या कार्डावर लिहून ठेवावीत. चेहऱ्यावर सध्या काय काय लावता, त्यांपैकी डॉक्टरांनी लिहून दिलेले कोणते आणि मैत्रिणीने किंवा दुकानदाराने सुचवलेले कोणते. मुरुमांसाठी गोळ्या चालू आहेत का. गरोदर आहात का किंवा बाळ अंगावर पिते का. मधुमेह, थायरॉइड, पाळीची अनियमितता आहे का. हृदयाला पेसमेकर बसवला आहे का, हाडात धातूची पट्टी आहे का, फिट येतात का. जखम भरल्यावर व्रण जाड होऊन वाढतो का. ओठांभोवती पाण्याच्या बारीक फोडांचा पुंजका पुन्हापुन्हा उठतो का. मागच्या वेळी ब्लीच, वॅक्स किंवा फेशियलनंतर आग झाली होती का. दिवसातील किती वेळ उन्हात किंवा चुलीपुढे जातो, हे सर्व विचारावे. यातील प्रत्येक प्रश्नामागे कारण आहे. पेसमेकर असलेल्या व्यक्तीवर त्वचेवर वीजप्रवाह सोडणारे गॅल्व्हॅनिक किंवा हाय फ्रिक्वेन्सीचे यंत्र वापरू नये. गरोदरपणात आणि फिट येणाऱ्या व्यक्तीवरही ती यंत्रे टाळावीत. रेटिनॉइड वर्गातील (‘अ’ जीवनसत्त्वाशी संबंधित, मुरुमांसाठी दिले जाणारे) क्रीम लावणाऱ्या चेहऱ्यावर वॅक्सची पट्टी ओढली, तर वरची त्वचा सोलून निघू शकते. ग्राहक सहसा ही माहिती आपणहून देत नाहीत. तिचा फेशियलशी काही संबंध असेल, असे त्यांना वाटतच नाही.

यानंतर सौम्य क्लेन्झरने चेहरा धुवून टिपून घ्यावा आणि त्यावर टोनर, क्रीम, गुलाबपाणी यांपैकी काहीही न लावता किमान अर्धा तास जाऊ द्यावा. तेवढ्या वेळात हातापायांचे काम उरकून घेता येते. मग टिपकागदाचे किंवा पातळ टिश्यूचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल अशा पाच जागी हलकेच दाबून उजेडात धरून पाहावेत. पाचही तुकड्यांवर तेलाचे डाग उमटले तर त्वचा तेलकट. कपाळ, नाक आणि हनुवटी यांच्याच तुकड्यांवर उमटले तर मिश्र. कोठेही विशेष तेल नसून त्वचा ताणल्यासारखी वाटत असेल तर कोरडी. काहीच न ताणता अगदी थोडे तेल दिसले तर सामान्य. चेहरा न धुता, दुपारच्या उन्हातून आलेल्या ग्राहकाचा चकाकणारा चेहरा पाहून ‘तेलकट’ असा शेरा मारला, तर तो घामाचा, सनस्क्रीनचा किंवा केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा शेरा असतो. एकाच चेहऱ्यावर दोन प्रकार आढळणे ही तपासणीतील चूक नव्हे. तैलग्रंथी कपाळ, नाक आणि हनुवटीवर अधिक दाट असतात, म्हणून आपल्याकडील पुष्कळ चेहरे मिश्र असतात. अशा वेळी उपचारही भागाभागाने वेगळे करावेत.

भिंगाच्या दिव्याखाली, ग्राहकाचे डोळे झाकून, चेहरा पुन्हा निरखावा. गालावरची छिद्रे मोठी आहेत की बारीक, नाकावर ब्लॅकहेड आहेत का, मुरूम नुसते बंद टोकाचे आहेत की लाल, दुखरे आणि पू झालेले आहेत, डाग सपाट आहेत की खळगा पडलेले आहेत, डोळ्यांच्या कडेला बारीक सालपटे सुटली आहेत का, हे लिहून ठेवावे. नंतर स्वच्छ बोटांच्या पाठीमागच्या बाजूने गालाला स्पर्श करावा. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर दाह गोऱ्या त्वचेसारखा लालभडक दिसत नाही. तो तपकिरी किंवा जांभळट छटेत लपतो. त्यामुळे ‘लाली नाही, म्हणजे त्वचा संवेदनशील नाही’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. स्पर्शाला गाल उष्ण लागतो का, साध्या पाण्यानेही चुणचुणते का, गरम चहा किंवा तिखट खाल्ल्यावर चेहरा तापतो का, हे विचारूनच संवेदनशीलता कळते.

आता निवडीकडे येऊ. कोरड्या त्वचेला फेसाळ क्लेन्झर आणि सुकून तडकणारा मातीचा पॅक देऊ नये. दुधाळ क्लेन्झर, क्रीमने केलेला सावकाश मसाज आणि ओलावा धरून ठेवणारा पॅक तिला मानवतो. तेलकट पण मुरूम नसलेल्या त्वचेला थोडी वाफ, ब्लॅकहेड काढणे, जेलने अगदी कमी वेळ मसाज आणि मुलतानी किंवा तत्सम मातीचा पॅक ठीक आहे. संवेदनशील त्वचेला वाफ, दाणेदार स्क्रब, सुगंधी तेले आणि ब्लीच हे चारही वर्ज्य समजावे आणि कोणतेही नवे उत्पादन कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ ते ४८ तास वाट पाहावी. लाल, पू झालेले मुरूम असतील तर मसाज आणि स्क्रब करूच नये. दाबाने सुजलेले रोमकूप आतल्या आत फुटतात, दाह खोलवर पसरतो आणि आठवड्याभराने तीच ग्राहक अधिक मुरूम घेऊन परत येते. गोल्ड फेशियलविषयी एवढेच सांगेन की सोन्याच्या वर्खाने त्वचेचा प्रकार किंवा अवस्था बदलत नाही. त्यानंतर जाणवणारी तकाकी मसाजमुळे वाढलेल्या रक्तप्रवाहाची आणि वरच्या थराला मिळालेल्या ओलाव्याची असते, आणि ती एक-दोन दिवसांत ओसरते. ग्राहकाला तेवढीच अपेक्षा असेल आणि त्वचा निरोगी असेल, तर ते करण्यास हरकत नाही.

‘आज नको’ असे म्हणण्याचे प्रसंग स्पष्ट आहेत. ओठांवर किंवा चेहऱ्यावर पाण्याचे फोड असणे. कडा उंच आणि मधला भाग साफ असलेला खाजरा गोल चट्टा, म्हणजे बहुधा गजकर्ण. ओली किंवा चिघळलेली जखम. खोल, गाठीसारखे दुखणारे मुरूम. एकाएकी वाढलेला, रंग बदललेला किंवा रक्त येणारा तीळ. बधिर वाटणारा फिकट चट्टा. शेवटच्या लक्षणाकडे विशेष लक्ष द्यावे. कुष्ठरोगाची सुरुवात अशा चट्ट्याने होऊ शकते, तो औषधांनी पूर्ण बरा होतो आणि तुमच्या एका सूचनेने निदान कित्येक महिने आधी होऊ शकते. अशा ग्राहकाला रोगाचे नाव सांगू नये, कारण निदान करणे हे तुमचे काम नाही. ‘ही जागा आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, मग मी फेशियल करीन’ एवढे शांतपणे सांगावे. ग्राहक दुसऱ्या पार्लरमध्ये जाईल, ही भीती मी समजू शकतो. परंतु छोट्या गावात विश्वास तोंडोतोंडी पसरतो आणि बिघडलेल्या चेहऱ्याची बातमी त्याहून वेगाने पसरते.

प्रश्न : मी १९ वर्षांची असून वसईत राहते. माझा चेहरा दिवसभर तेलकट असतो, पण धुतल्यावर इतका ताणतो की हसतानाही त्रास होतो, आणि नाकाच्या बाजूला सालपटे निघतात. मी दिवसातून पाच वेळा फेसवॉश वापरते आणि आठवड्यातून दोनदा स्क्रब करते. माझी त्वचा तेलकट समजायची की कोरडी? मला कोणते फेशियल चालेल?

उत्तर : तुमची त्वचा प्रकाराने तेलकट आहे आणि अवस्थेने पाणी गमावलेली आहे. तेल आणि पाणी या दोन निराळ्या गोष्टी असल्याने हे एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी असू शकते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशी आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये यांचा बनलेला असतो. तो शरीरातील पाण्याला बाहेर जाण्यापासून अडवतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच (आम्लतेचे माप; ७ हून कमी म्हणजे आम्ल, अधिक म्हणजे अल्क) साधारण ५ च्या आसपास असतो. अंगाच्या साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. दिवसातून पाच वेळा धुण्याने आणि त्यावर स्क्रबने घासण्याने ती स्निग्ध द्रव्ये निघून जातात, पाणी उडते आणि त्वचा ताणते. तैलग्रंथी मात्र आपले काम करीतच राहतात, म्हणून तासाभरात चेहरा पुन्हा चकाकतो आणि तुम्ही तो पुन्हा धुता.

निदान चार आठवडे स्क्रब पूर्णपणे थांबवा, कारण खालच्या थरात तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण एवढाच काळ लागतो. चेहरा सकाळी आणि रात्री असा दोनदाच, साबण नसलेल्या सौम्य क्लेन्झरने धुवा. मध्ये घाम आला तर फक्त पाणी पुरे. तेलविरहित, जेलसारखे मॉइश्चरायझर ओलसर चेहऱ्यावर लावा. ‘तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर नको’ हा समज अनेक तरुण मुलींनी घट्ट धरला आहे आणि त्याचे परिणाम मी रोज पाहतो. नाकाच्या बाजूची सालपटे पिवळसर, चिकट असतील आणि भुवयांत किंवा केसांतही कोंडा असेल, तर तो कोरडेपणा नसून सेबोरिक डर्माटायटिस, म्हणजे तेलकट भागांत होणारा कोंड्यासारखा त्वचादाह, असू शकतो. त्यावर फेशियल नव्हे, औषध लागते. या दोन्ही शक्यता निकाली निघेपर्यंत कोणतेही फेशियल करू नये. नंतर वाफेशिवायचे, ओलावा देणारे साधे फेशियल चालेल.

प्रश्न : माझे वय ३८. जालना जिल्ह्यात आमची शेती आहे. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर आणि कपाळावर वांग आले, ते वाढतच आहे. शहरातील एका पार्लरमध्ये ‘तीन स्ट्राँग पील केले की साफ होईल’ असे सांगितले आहे. करावे का? त्याआधी मेडिकलमधून आणलेल्या एका ट्यूबने बरे वाटले होते, पण ती थांबवली की आणखी काळे पडते.

उत्तर : स्ट्राँग पील करू नका, हे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो.

त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते यावरून तिचे सहा प्रकार मानले जातात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ही मोजपट्टी मांडली. सोरायसिसच्या रुग्णांना अतिनील किरणांचा किती डोस सोसेल, हे ठरवण्यासाठी ती होती आणि प्रारंभी ती गोऱ्या त्वचेपुरतीच होती. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आपल्याकडील बहुतेक लोक चौथ्या आणि पाचव्या प्रकारात येतात. या त्वचेला उन्हाने फोड सहसा येत नाहीत, परंतु तिला कोणतीही इजा झाली, मग ती मुरुमाची असो, चटक्याची असो की तीव्र आम्लाची, तर ती भरून येताना काळा डाग मागे ठेवते. खोल जाणारा पील ही जाणूनबुजून केलेली इजाच आहे. गोऱ्या त्वचेवर उत्तम परिणाम देणारी तीव्रता आपल्या त्वचेवर वांगाहून गडद डाग देऊ शकते, आणि ते उतरायला वर्षसुद्धा लागते.

वांग किती खोल आहे, याचा अंदाज घेण्यासाठी आम्ही वूड्स लॅम्प नावाचा अतिनील प्रकाशाचा दिवा अंधाऱ्या खोलीत वापरतो. वरच्या थरातील रंगद्रव्य त्याखाली अधिक ठळक दिसते, खोलवरचे तसे दिसत नाही. मात्र त्वचा जितकी सावळी, तितका हा फरक कमी स्पष्ट होतो, म्हणून डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगानेही, पाहावे लागते. वरच्या थरातील वांग मलमांना चांगला प्रतिसाद देते, खोलवरचे सावकाश आणि अपुरे. पील लागलाच, तर मलमांनी त्वचा काही आठवडे तयार केल्यानंतर, लॅक्टिक किंवा मँडेलिक आम्लासारखा सौम्य आणि वरवरचा पील, दोन पीलमध्ये पुरेसे अंतर ठेवून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावा.

तुमच्या पत्रातील ट्यूबचा उल्लेख मला अधिक काळजीचा वाटतो. वांगासाठी हायड्रोक्विनोन (रंगद्रव्य कमी करणारे औषध), ट्रेटिनॉइन (एक रेटिनॉइड) आणि एक स्टेरॉइड यांचे मिश्रण वापरण्याची पद्धत क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्येच मांडली आणि मर्यादित काळासाठी, देखरेखीखाली ती आजही उपयोगी आहे. आपल्याकडे मात्र तिचे अवतार गोरेपणाची क्रीम म्हणून महिनोन्महिने वापरले जातात. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, केशवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, मुरूम येतात आणि क्रीम थांबवताच आग होऊन चेहरा काळवंडतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब घेतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांच्या चिठ्ठीशिवाय विक्रीला मनाई केली, तरीही ती सहज मिळतात, हे दुर्दैव आहे. तुमची ट्यूब घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. ती हळूहळू कशी सोडायची, हे तेच सांगतील.

शेतात जाताना पदर किंवा ओढणी चेहऱ्याभोवती घट्ट गुंडाळणे, रुंद काठाची टोपी आणि दुपारचे काम शक्य तेवढे टाळणे, हे कोणत्याही पीलइतकेच महत्त्वाचे आहे. केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर दिसणाऱ्या उजेडानेही सावळ्या त्वचेतील वांग वाढते. त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन साध्या पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा अधिक उपयोगी पडते. एसपीएफ ३० किंवा अधिक असावे आणि चेहरा व मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतके घ्यावे. घाम येत असल्याने दर दोन-तीन तासांनी ते पुन्हा लावावे लागेल. चुलीची धग आणि फेशियलमधील वाफ या दोहोंपासून दूर राहावे. वांग आटोक्यात राहते, कायमचे जातेच असे नाही. हे आधी सांगितले म्हणजे कोणाच्या पॅकेजला पैसे देण्याचा मोह कमी होतो.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे. तिची मान आणि गालांच्या कडा काळ्या, जाडसर झाल्या आहेत. ‘नीट घासून अंघोळ करत नाही’ म्हणून आम्ही तिला रागावतो. हनुवटीवर मुरूम आणि थोडे केसही आहेत. मानेसाठी पॉलिशिंग करावे का? (एक आई, अकोला)

उत्तर : मुलीला रागावणे कृपया आजपासून बंद करा, हा मळ नाही. मान, काख आणि गालांच्या कडा मखमलीसारख्या जाड आणि काळ्या होण्याला ॲकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात आणि तरुण वयात त्याचे नेहमीचे कारण म्हणजे शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसणे. रक्तात इन्सुलिन वाढते आणि त्याच्या प्रभावाने त्वचेच्या पेशी वेगाने वाढतात. हनुवटीवरचे मुरूम आणि केस पाहता पाळी नियमित आहे का, हेही पाहावे लागेल. बीजकोशांच्या विकारात, ज्याला सर्वजण पीसीओएस म्हणतात, ही सर्व लक्षणे एकत्र दिसतात. घासल्याने, स्क्रबने आणि पॉलिशिंगने हा भाग अधिक जाड आणि काळा होतो. वजन, उपाशीपोटी साखर आणि संप्रेरकांची तपासणी आधी करा. आहार आणि व्यायामाने वजन उतरले की मान स्वच्छ होताना मी अनेक मुलींमध्ये पाहिली आहे.

प्रश्न : कपाळावर टिकली लावते तिथे पांढरा डाग पडला आहे. घरचे कोड म्हणून घाबरले आहेत. फेशियल करणाऱ्या मुलीने ‘व्हिटॅमिनची कमतरता’ सांगितली. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : डाग टिकलीच्या आकाराचा आणि नेमका त्याच जागी असेल, तर टिकलीमागच्या गोंदाचा संशय सर्वांत आधी घ्यावा. काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल नावाचे रसायन असते, ते रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना मारते. टिकली आजच बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. लवकर थांबवले तर रंग परत येण्याची शक्यता चांगली असते. उशीर झाल्यास डाग इतरत्रही पसरू शकतात. पिंजर किंवा कुंकवातील रंगांची ॲलर्जी झाली तर याच्या उलट, खाज येऊन कपाळ काळे पडते. दोन्ही स्थितींत कपाळावर फेशियल, ब्लीच किंवा लिंबू लावू नये. कुंकू लावायचेच असेल, तर डॉक्टरांना विचारून, डाग भरल्यानंतर, वेगळ्या जागी थोडे लावून पाहावे.

प्रश्न : ओळखीच्या बाईंकडून बिनलेबलच्या डबीतील क्रीम घेतले. दोन आठवड्यांत चेहरा उजळला. सगळे कौतुक करतात. पण आता पायांवर सूज वाटते. क्रीमचा संबंध असेल का?

उत्तर : असू शकतो, म्हणून क्रीम आजच थांबवा आणि उद्याच लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या, फिजिशियनना डबीसह सर्व सांगा. इतक्या झपाट्याने उजळवणाऱ्या क्रीममध्ये बहुधा स्टेरॉइड असते किंवा पारा असतो. पारा रंगद्रव्य बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतो, त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये गोरेपणाची क्रीम वापरणाऱ्या रुग्णांमध्ये मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हा मूत्रपिंडाचा विकार आढळला होता. लघवीतून प्रथिने जाणे आणि अंगावर सूज येणे ही त्याची लक्षणे आहेत. लवकर ओळखून क्रीम थांबवल्यास बहुतेक रुग्ण सुधारतात. आपल्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनांत नकळत राहिलेला पारा दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये, पण ज्या डबीवर निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक आणि घटकच नाहीत, तिला हा नियम कोण लावणार? हेच क्रीम घरात आणखी कोणी लावत असेल, तर त्यांचीही तपासणी करा. डबी फेकू नका, ती तपासणीला लागू शकते.

प्रश्न : माझे लग्न दोन महिन्यांवर आहे. मुरुमांसाठी डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या दिल्या आहेत. पार्लरच्या ब्रायडल पॅकेजमध्ये ब्लीच, वॅक्स, दोन फेशियल आणि पील आहे. हळदीच्या दिवशी उटणेही लावायचे आहे. काय करू आणि काय टाळू? (एक वाचक, पुणे)

उत्तर : या गोळ्यांनी तैलग्रंथी आकसतात आणि त्वचा नाजूक होते. त्यामुळे चेहऱ्याचे वॅक्सिंग आणि ब्लीच पॅकेजमधून काढून टाका. वरच्या ओठावरची लव थ्रेडिंगने किंवा कात्रीने काढता येईल. पील करायचा की नाही, हे फक्त तुमचे डॉक्टर ठरवतील आणि त्यांनी होकार दिला तरी शेवटचा पील लग्नाच्या किमान तीन आठवडे आधीचा असावा. फेशियल करायचेच तर वाफ आणि स्क्रब वगळून, केवळ ओलावा देणारे आणि हलक्या हाताचे. त्यातील पहिले आताच करून घ्या, म्हणजे काही त्रास झाला तर कळेल. दुसरे लग्नाच्या चार-पाच दिवस आधी आणि त्याच उत्पादनांनी. आदल्या दिवशी काहीही नवीन करू नये.

हळदीच्या दिवशी चेहऱ्याला ओली हळद थोडा वेळ लावून कोमट पाण्याने धुतली तर चालेल. उटण्यातील नागरमोथा, कचोरा आणि संत्र्याची साल यांची भरड पूड चेहऱ्यावर घासू नका, हातापायांना लावा. हळदीत लिंबू पिळण्याची काही घरांत पद्धत आहे, ते चेहऱ्यापुरते तरी नको. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो आणि तो लावून उन्हात बसल्यास भाजल्यासारखे डाग उठतात.

एक महत्त्वाची गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना आणि थांबवल्यानंतर निदान एक महिना गर्भधारणा होता कामा नये, कारण त्याने गर्भात गंभीर व्यंग निर्माण होऊ शकते. लग्नाची तारीख तुमच्या डॉक्टरांना या भेटीतच सांगा. गोळ्या केव्हा थांबवायच्या आणि गर्भनिरोधनाची कोणती साधने वापरायची, याचा निर्णय त्यांच्याबरोबर बसून घ्या आणि होणाऱ्या पतीलाही त्या भेटीला सोबत घेऊन जा.